उतरवून घेणे

मराठीतील 'उतरवणे' हे क्रियापद मोठे कष्टाळू आहे. गाडीतली पोती उतरवतात, मुलाची दृष्ट उतरवतात, जुन्या वहीतले अभंग नव्या वहीत उतरवून घेतात, आणि छायाचित्रही उतरवतात. तलाठ्याकडून मिळणाऱ्या सातबाराच्या नकलेला आपण उताराच म्हणतो. त्यामुळे डिजिटल कॅमेरे घरोघर आले आणि कोणीतरी 'कार्डावरचे फोटो संगणकावर उतरवून घे' असे म्हणाले, तेव्हा भाषेला जागचे हलावेसुद्धा लागले नाही. मात्र या सोयीत एक संदिग्धता दडलेली होती. पोती उतरवली की गाडी रिकामी होते. अभंग उतरवून घेतले तरी जुनी वही होती तशीच राहते. मेमरी कार्डावरचे छायाचित्र संगणकावर जाते तेव्हा या दोहोंपैकी नेमके काय घडते? हा प्रश्न मला २००६ सालापर्यंत पडला नव्हता. त्या साली तो कसा पडला ते पुढे सांगतो. त्याआधी या क्रियेचा इतिहास थोडा पाहू, कारण साहित्याच्या, विशेषतः पाठचिकित्सेच्या, अभ्यासकाला त्यात ओळखीची बरीच माणसे भेटतात.

रोलच्या काळात असा प्रश्न संभवत नव्हता. रोल धुवायला टाकला की आठवड्याने स्टुडिओतून पाकीट येई; एका कप्प्यात छायाचित्रे आणि दुसऱ्यात निगेटिव्हच्या पट्ट्या. ज्या फिल्मवर प्रत्यक्ष प्रकाश पडला ती निगेटिव्ह हे मूळ, आणि कागदावरचे सगळे तिचे उतारे. मूळ कोणते आणि नक्कल कोणती, हे आंधळ्यालाही बोटांनी सांगता आले असते.

डिसेंबर १९७५ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर येथे कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने आपला कॅमेरा पहिल्यांदा चालवून पाहिला. सुमारे साडेतीन किलोंचे ते धूड होते. त्याचे चित्र कृष्णधवल, आडवे शंभर आणि उभे शंभर अशा दहा हजार बिंदूंचे. हे बिंदू आकड्यांच्या रूपात कॅसेटच्या फितीवर नोंदले जात आणि एका चित्राला २३ सेकंद लागत. नंतर ती कॅसेट कॅमेऱ्यातून काढायची, दुसऱ्या एका यंत्रात घालायची आणि दूरदर्शन संचाच्या पडद्यावर चित्र पाहायचे. म्हणजे चित्र एका यंत्रात जन्मते, सुट्या वस्तूवर बसून प्रवास करते आणि दुसऱ्या यंत्रात वाचले जाते, ही आजची सारी रचना तेथे आधीच आहे. एका फितीवर किती चित्रे मावतील असे सॅसनला विचारीत, तेव्हा तो तीस सांगे. फितीवर याहून अधिक मावली असती. पण फिल्मचा रोल २४ किंवा ३६ चित्रांचा असे, म्हणून त्याने मधला आकडा निवडला. नव्या माध्यमाने जुन्या माध्यमाचे माप अंगावर चढवण्याची ही तऱ्हा मुद्रणाच्या इतिहासात आपण पाहिली आहे. आपल्याकडील शिळाप्रेसवर छापलेल्या ग्रंथांनी कितीतरी दिवस सुट्या पानांच्या पोथीचाच आडवा आकार धारण केला होता.

त्या पहिल्या चित्राची हकीकत मला वर्गात सांगायला फार आवडते. सॅसन आणि त्याचा सहकारी यांनी बाहेरच्या मार्गिकेत बसलेल्या एका तंत्रज्ञ मुलीला क्षणभर बसायची विनंती केली, तिचे चित्र घेतले आणि कॅसेट दुसऱ्या यंत्रात घातली. पडद्यावर तिचे काळे केस उमटले, मागची पांढरी भिंत उमटली. चेहऱ्याच्या जागी मात्र नुसती खरखर. मागोमाग आलेल्या त्या मुलीने पडद्याकडे पाहिले आणि अजून काम करायला हवे असे सुनावून ती निघून गेली. पुढे शोध घेता कळले की आकड्यातील अंकांचा क्रम वाचताना उलटा झाला होता. काळा रंग म्हणजे सगळी शून्ये आणि पांढरा म्हणजे सगळे एक. ते उलटे वाचले तरी तेच राहतात. 'समास' हा शब्द उलटा वाचला तरी समासच असतो, पण 'रस' उलटा वाचला की त्याचा 'सर' होतो. चेहरा हा मधल्या करड्या छटांचा बनलेला असतो; त्याचा सर झाला. काही तारा उलट्या जोडताच मुलगी नीट दिसू लागली. जगातील अशा पहिल्याच छायाचित्राच्या पहिल्याच वाचनात पाठदोष निघावा, आणि तोही लेखनिकांच्या नित्याच्या वर्णविपर्ययासारखा, याची गंमत पोथ्या हाताळलेल्या माणसाला अधिक कळेल. शिवाय हा दोष चित्र घेण्यात नव्हता, उतरवण्यात होता.

पुढली पंधरावीस वर्षे चित्र साठवावे कशावर याच विवंचनेत गेली. १९८८ मध्ये फुजीने एक कॅमेरा दाखवला, त्यात सुटे मेमरी कार्ड होते. परंतु त्या कार्डाला स्मरणात काही ठेवायचे तर स्वतःची बॅटरी लागे. तो कॅमेरा बाजारात आलाच नाही. १९९० मध्ये अमेरिकेत विक्रीस आलेल्या डायकॅम या कॅमेऱ्यात बत्तीस लहानशी कृष्णधवल चित्रे मावत, पण ती कॅमेऱ्याच्या पोटातच राहत आणि बॅटरी संपली की चित्रेही संपत. चित्र लवकरात लवकर तारेने संगणकावर उतरवणे ही तेथे सोय नव्हती. तो जीव वाचवण्याचा मार्ग होता. १९९४ मध्ये ॲपलने क्विकटेक आणला. त्यात उत्तम प्रतीची आठ चित्रे मावत. या सर्वांची तार त्या काळच्या सीरियल जोडणीची, म्हणजे अक्षरामागून अक्षर एका ओळीत पाठवणारी. तिच्या नेहमीच्या सर्वोच्च वेगाने एक मेगाबाइट उतरवायला दीड मिनिट लागे. संथपणाचा एक फायदा असतो. माणूस समोर बसून पाहत राहतो, आणि काही बिघडले तर त्याला ते दिसते.

१९९७ मध्ये सोनीने या विवंचनेवर एक अडाणी वाटणारा आणि म्हणूनच यशस्वी झालेला उपाय काढला. त्यांच्या डिजिटल माविका कॅमेऱ्यात चक्क साडेतीन इंची फ्लॉपी बसे. फ्लॉपीत १.४४ मेगाबाइटच मावत, चित्रे बेताचीच येत. पण तार नको, खास प्रणाली नको, कॅमेऱ्यातून काढली आणि संगणकात घातली की काम झाले. पानाची चंची एका हातातून दुसऱ्या हातात द्यावी इतके ते सोपे होते. 'उतरवणे' हा शब्द येथे जवळजवळ अनावश्यक झाला, कारण फ्लॉपीच चित्राचे घर होती. ती खणात जपून ठेवली की निगेटिव्ह ठेवल्यासारखेच. हा मधला काळ फार थोडा टिकला आणि त्याच्याबरोबर ती निश्चिंतीही गेली. मेमरी कार्ड महाग होते. ते रिकामे करून पुन्हा वापरणे भागच होते.

कार्डाच्या आत जी स्मृती असते तिचे जनक तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका. १९८४ मध्ये त्यांनी आपले संशोधन जगापुढे मांडले आणि आज कार्डांत असते त्या जातीची स्मृती १९८७ मध्ये. वीज बंद झाली तरी तिच्यात लिहिलेले टिकते. सूक्ष्म कप्प्यांत विद्युत्भार कोंडून ठेवलेला असतो आणि भोवतीचे विरोधक आवरण त्याला वर्षानुवर्षे बाहेर पडू देत नाही. वर्षानुवर्षे म्हणजे सदैव नव्हे. भार हळूहळू झिरपतोच. या स्मृतीला 'फ्लॅश' हे नाव कसे पडले? मोठमोठे भाग एका झटक्यात पुसता येतात हे पाहून मासुओकांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांना कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा लखलखाट आठवला. छायाचित्रे जपण्यासाठी पुढे जी वस्तू सर्वत्र वापरली गेली तिचे नाव छायाचित्रणातूनच आले, पण आले ते तिच्या पुसण्याच्या गुणावरून, ही गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. (मासुओकांना आपल्या शोधाचा योग्य मोबदला मिळाला नाही असे वाटून त्यांनी कंपनीवर दावा लावला, २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनांवर तडजोड झाली. ग्रंथकर्ते आणि प्रकाशक यांच्या संबंधांचा इतिहास आठवणाऱ्यांना यात नवे काही वाटू नये.)

१९९४ मध्ये सॅनडिस्कने कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आणले, २००० मध्ये एसडी कार्डे बाजारात आली, मध्ये अनेक आकारांची कार्डे आली नि गेली. त्या कार्डयुद्धात शिरण्याचे कारण नाही. माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना १९९८ मध्ये जपानात घडली आणि तिची दखल फारशी कोणी घेत नाही. त्या वर्षी तेथील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने कॅमेऱ्याने कार्डावर चित्रे कशी मांडावीत याचे नियम ठरवून दिले. कार्डावर डीसीआयएम नावाचे एक दप्तर असावे. त्यात १०० ते ९९९ अशा क्रमांकांनी सुरू होणारी उपदप्तरे. आणि प्रत्येक चित्राच्या नावात आधी चार मुक्त अक्षरे, मग ०००१ ते ९९९९ यांतील चार अंक. आपल्या सर्वांच्या संगणकावर आयएमजी किंवा डीएससी अशा अक्षरांनी सुरू होणारी जी हजारो निनावी नावे पडून आहेत, त्यांचे मूळ येथे. आठच अक्षरांची मर्यादा जुन्या डॉस प्रणालीतून आली. कार्डावरील नोंदींची मांडणी तर त्याहून जुनी, १९७७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडोनाल्ड यांनी रचलेली. पुढे तिनेच फ्लॉपीचा संसार चालवला. फ्लॉपी गेली, पण तिची वहिवाट कार्डात राहिली.

एका परीने हे नियम पोथीचेच आहेत. सुट्या पानांच्या पोथीत प्रत्येक पानाच्या समासात पत्रांक असतो, कारण दोरा सुटला आणि पाने विखुरली तर क्रम लावायला दुसरा आधार नसतो. कॅमेरा चित्राला नाव देत नाही, पत्रांक देतो. परंतु पोथीतला पत्रांक एका ग्रंथापुरता असतो हे सर्वांना ठाऊक असते, आणि संगणकाला मात्र तसे ठाऊक नसते. दोन कॅमेऱ्यांची, किंवा ९९९९ ओलांडून पुन्हा पहिल्यापासून मोजू लागलेल्या एकाच कॅमेऱ्याची, दोन वेगवेगळी चित्रे एकाच नावाची असू शकतात. दुसरे चित्र त्याच दप्तरात उतरवताना संगणक विचारतो की या नावाची फाइल येथे आहे, तिच्या जागी ही ठेवू का? घाईतला माणूस 'होय' म्हणतो. अशा रीतीने किती लग्नांवर किती सहली उतरल्या असतील!

आता २००६ ची गोष्ट. एका तालुक्याच्या गावातील जुन्या वाचनालयात मला विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातील एका मासिकाचे बांधीव खंड आढळले. त्यांत एका स्त्रीच्या आठवणी क्रमशः आल्या होत्या. लेखिकेचे नाव नव्हते, नुसती आद्याक्षरे होती. भाषा अशी की परकरी मुलीच्या सासरच्या पहिल्या वर्षाचे असे निर्विकार आणि म्हणूनच अंगावर येणारे वर्णन मी तोवर वाचले नव्हते. झेरॉक्सला खंड द्यायला ग्रंथपाल तयार नव्हते आणि ते योग्यच होते. पाने हात लावताच तुटत होती. मी दोन दिवस खिडकीशी बसून छायाचित्रे घेतली. पाहुण्याकडून मागून आणलेला तीन मेगापिक्सेलचा कॅमेरा, २५६ मेगाबाइटचे कार्ड, एकूण १८७ पाने. शेवटच्या हप्त्याची पाने अर्थातच शेवटी घेतली.

घरी येऊन कार्ड रीडरमध्ये घातले, सगळी चित्रे निवडली आणि संगणकाला 'कट' व मग 'पेस्ट' अशी आज्ञा दिली. कॅमेरा परत करायचा होता, कार्ड रिकामे हवे होते. उतरवण्याचे काम संपत आले असता वीज गेली. त्या वर्षांत महाराष्ट्रात भारनियमनाचे वेळापत्रक असे, आणि वेळापत्रकाबाहेरचेही भारनियमन असे. वीज आली तेव्हा पाहिले, तर संगणकावर १८७ नावे होती आणि कार्ड रिकामे होते. मी निर्धास्त झालो. दोन दिवसांनी भाचीचे बारसे होते. पाहुणाही तेथे येणारच होता. त्याच कार्डावर चाळीसएक छायाचित्रे घेतली आणि मग कॅमेरा परत केला. कार्ड तेवढे माझ्याकडे राहिले.

आठवड्याने वाचायला बसलो तेव्हा शेवटच्या पंचवीस पानांपैकी एकही उघडेना. नाव होते, आकारमान होते, आत काही नव्हते. एक पान मात्र वरच्या तिसऱ्या भागापर्यंत दिसत होते आणि त्याखाली सपाट करडा रंग. काय घडले होते ते पुढे उमगले. संगणकाला चित्र असे हलवता येतच नाही. एका जागेवरून दुसरीकडे 'नेणे' म्हणजे तेथे नक्कल करणे आणि मग येथले मूळ पुसणे. दोन वेगळ्या क्रिया, एका शब्दाखाली झाकलेल्या. त्यात आणखी एक मेख अशी की, नक्कल झाली असे संगणक सांगतो तेव्हा शेवटची काही पाने अजून त्याच्या तात्पुरत्या स्मृतीतच असू शकतात, तबकडीवर पोचलेली नसतात. लेखनिकाने वाक्य ऐकले, मान डोलावली, सांगणाऱ्याने मूळ पान चुलीत टाकले, आणि लेखनिक लिहायच्या आत दिवा गेला. बरे, नक्कल पुरी झाल्यावर ती मुळाशी ताडून पाहण्याची रीतही नेहमीच्या 'कॉपी'त नसते. आपले लेखनिक पोथीच्या अखेरीस ग्रंथसंख्या नोंदवीत. बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ धरून एकूण किती झाले ते. मजुरी त्यावरून ठरे हे खरे, पण प्रत तुटकी आहे की काय हेही त्यावरून उमगे. नकलेची आणि मुळाची बेरीज घेऊन ती जुळते का हे पाहणाऱ्या प्रणाली संगणकासाठीही आहेत, आणि व्यावसायिक छायाचित्रकार त्या वापरतात. मी व्यावसायिक नव्हतो.

एका विद्यार्थ्याने सांगितले की कार्डावरून पुसलेले बहुधा पुसलेले नसते. ही गोष्ट मला तेव्हा चमत्कारासारखी वाटली. कार्डाच्या त्या जुन्या मांडणीत फाइल पुसतात म्हणजे अनुक्रमणिकेतील तिच्या नावाचे पहिले अक्षर तेवढे खोडून तेथे एक ठरावीक खूण करतात, आणि तिची जागा मोकळी असल्याचे दुसऱ्या तक्त्यात नोंदतात. चित्राला कोणी हात लावत नाही. त्या जागेवर नवे काही येऊन बसेपर्यंत ते तेथेच असते. आहे हे फक्त कोणाला सांगता येत नाही. फ्रान्समधील क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेली फोटोरेक नावाची मोफत प्रणाली अशी चित्रे शोधते. ती अनुक्रमणिका पाहतच नाही. कार्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत जाते आणि छायाचित्राच्या आरंभी असणारी ठरावीक अक्षरे भेटली की तेथून ते उचलते. एखाद्या ग्रंथाचा शोध 'श्रीगणेशाय नमः' कोठे आले आहे एवढ्यावरून घ्यावा तसे हे. साहजिकच ज्यांचा आरंभ गेला आहे ती चित्रे उरलेली असूनही तिला ओळखू येत नाहीत.

पंचवीसपैकी सोळा पाने मिळाली. उरलेल्या नवांच्या जागी बारशाची छायाचित्रे बसली होती. पाळणा, घुगऱ्या, कानात 'कुर्र' करणारी आत्या, सगळे अगदी सुस्पष्ट.

मिळालेल्या सोळांना नावे नव्हती. ती प्रणाली कार्डावरील ठिकाणाचा आकडा हेच नाव म्हणून देते. क्रम लावायचा तर चित्राच्या पोटातली तारीख पाहावी, कारण कॅमेरे १९९५ पासून रूढ झालेल्या एक्झिफ पद्धतीने दिवस आणि वेळ चित्रातच लिहून ठेवतात. पण वाचनालयात मी वारंवार सेल बदलले होते आणि दर वेळी त्या कॅमेऱ्याचे घड्याळ मूळपदावर जाऊन पुन्हा चालू झाले होते. माझी सगळी पाने कॅमेऱ्याच्या मते एका जानेवारीच्या पहिल्या तारखेला, मध्यरात्रीनंतर लगेच घेतलेली होती. मासिकाचे पृष्ठांक पाहावेत, तर बांधणाऱ्याने कडा कापताना अर्धे पृष्ठांक कापले होते. अखेर मी जे केले ते पाठचिकित्सेच्या वर्गात शिकवतो तेच. एका पानाचे शेवटचे तुटलेले वाक्य आणि दुसऱ्याचा आरंभ जुळवीत बसलो. लीळाचरित्राची मूळ प्रत धाडीत गेली आणि पुढे ती स्मरणावरून सिद्ध करावी लागली असे महानुभाव परंपरा सांगते. हे वाक्य मी वर्षानुवर्षे फळ्याजवळ उभा राहून सहज उच्चारले होते. त्या रात्रीनंतर ते तितके सहज उच्चारता येत नाही.

घड्याळाचा विषय निघाला म्हणून एक फार वेगळी आणि भीषण हकीकत सांगितली पाहिजे. इराकमधील अबू घरैब तुरुंगात अमेरिकी सैनिकांनी कैद्यांचा छळ केला आणि त्याची छायाचित्रे स्वतःच घेतली. ती चित्रे कार्डांवरून संगणकांवर, संगणकांवरून सीडींवर आणि सीडींवरून मित्रांकडे गेली. अशीच सीडी हाती आलेल्या जोसेफ डार्बी या सैनिकाने जानेवारी २००४ मध्ये ती लष्करी तपासयंत्रणेकडे दिली, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये जगाने ती चित्रे पाहिली. तपासात प्रश्न आला तो क्रमाचा. चित्रे वेगवेगळ्या कॅमेऱ्यांची होती आणि त्या कॅमेऱ्यांची घड्याळे एकमेकांशी जुळत नव्हती. ब्रेंट पॅक या लष्करी तपासनिसाने एकच प्रसंग दोन कॅमेऱ्यांनी टिपलेला शोधला, त्यावरून घड्याळांतील अंतर काढले आणि कोण, केव्हा, कोणासह तेथे उपस्थित होते याचा एक सलग कालपट मांडला. एरल मॉरिस यांच्या २००८ मधील माहितीपटात हा भाग आहे. ज्यांनी ती चित्रे इकडून तिकडे उतरवली, त्यांना चित्राबरोबर त्याची वेळही प्रवास करते याचे भान नसावे. दोन प्रतींतील समान मजकुराच्या आधारे दोहोंचा काळ ठरवणे ही पाठचिकित्सकाची नेहमीची पद्धत येथे न्यायालयाच्या कामी आली.

आज कार्ड मागे पडले आहे. बहुतेकांची छायाचित्रे फोनमध्ये जन्मतात आणि तारेवाचून दुसरीकडे जातात. तरीही प्रत करण्यातली अनिश्चितता गेली असे कोणी समजू नये. ती फक्त अधिक सभ्य झाली आहे. २०१७ पासून आयफोन आपली चित्रे एका नव्या, दाट बांधणीच्या प्रकारात साठवू शकतो. ती तारेने संगणकावर नेताना नेहमीच्या मांडणीत तो आपण होऊन त्यांचे जुन्या प्रकारात रूपांतर करून देतो. संगणकावर येते ते मूळ नव्हे, भाषांतर. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने चित्र पाठवले तर ते आक्रसते आणि त्याच्या पोटातली तारीखही गळून पडते. जुन्या पोथ्यांची, शिलालेखांची, गावोगावच्या दप्तरांची छायाचित्रे आमचे विद्यार्थी याच मार्गाने मार्गदर्शकाकडे पाठवतात. वाचण्यापुरते ते चालते. पण मग तेच संशोधनाचे साधन म्हणून जपले जाते, आणि कोठल्या दिवशी, कोणत्या क्रमाने, मुळातील कोणते बारकावे गाळून ते येथवर पोचले हे कोणालाच सांगता येत नाही. फोनमधले मूळ तोवर जागा हवी म्हणून पुसलेले असते.

मी त्या वाचनालयात पुन्हा गेलो, पण दीड वर्षाने. आधी जायला हवे होते. मधल्या पावसाळ्यात छत गळले होते आणि भिजलेले खंड रद्दीत गेले होते. ग्रंथपाल तेच होते. तुमच्याकडे फोटो आहेत ना, असे त्यांनीच मला विचारले. आणखी दोन ग्रंथालयांत ते मासिक अपुरे मिळाले. त्या वर्षाचे अंक नव्हते.

कार्ड माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्याच्या कडेची लहानशी पट्टी मी कुलपाच्या बाजूला सरकवून ठेवली होती. त्या पट्टीचा कार्डाच्या आतील भागाशी काही संबंध नसतो, ती कोठे आहे हे रीडर पाहतो आणि मानायचे की नाही ते ठरवतो, हे मला नंतर कळले. तरी ती तशीच राहू दिली आहे. बारशाची छायाचित्रे भाचीने मागून घेतली. ती आता मोठी झाली आहे. आठवणींची १७८ पाने मी तीन ठिकाणी ठेवली आहेत, क्रम माझ्या मते बरोबर आहे. शेवटच्या पानावर लेखिका कडेवरच्या मुलाला घेऊन नदीच्या उतारापाशी गाडीतून खाली पाय टाकते, पलीकडून कोणी हाक मारल्यासारखे तिला वाटते, आणि वाक्य पुढच्या पानावर जाते.